फुगीर पात्याची कुऱ्हाड

झाशीचा जुना परकोट आज तुकड्यातुकड्यांनी उरला आहे, पण त्याच्या दरवाजांची नावे शहराच्या जिभेवर अजून शाबूत आहेत : खंडेराव, ओरछा, सागर, सैंयर, उन्नाव, भांडेर, दतिया. खंडेरावाचे नाव ऐकले की मराठी मन क्षणभर जेजुरीला जाऊन येते. बाकीची बहुतेक नावे त्या त्या दरवाजातून निघणाऱ्या वाटेवरच्या गावांची आहेत. दतिया गेटातून निघालेला वाटसरू तीसेक किलोमीटर चालला की ओरछाच्या बीरसिंह देव राजाच्या सात मजली महालापाशी पोचे. इथले लोक पत्ता सांगताना 'बाहर दतिया गेट' असे म्हणतात, आणि तो पत्ता ऐकला की मला जुन्या प्रवासाचे सगळे चित्र दिसू लागते. तटबंदीच्या शहराचे दरवाजे रात्री मिटत. उशिरा पोचलेला बैलांचा तांडा, यात्रेकरूंचा जथा, शिपायांची तुकडी, साऱ्यांना भिंतीबाहेरच तळ द्यावा लागे. आणि तळ म्हटला की तंबूच्या आधी चूल येते, चुलीच्या आधी सरपण येते, आणि सरपणाच्या आधी ते फोडणारे हत्यार येते. आपण आज त्या हत्याराकडेच सावकाश पाहणार आहोत. मोकळ्यावर मुक्काम करायला निघताना लाकूड फोडण्यासाठी नेमके काय न्यावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात रसिकाला दीर्घकाळ गुंतवून ठेवील इतके सौंदर्य भरलेले आहे.

सरपणाचे मोल काय असते ते झाशीने १८५८ च्या वसंतात पाहिले. मार्च महिन्यात सर ह्यू रोज फौजेसह शहराबाहेर येऊन ठेपला, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी भोवतालचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. शेतात धान्य नाही, गुरांना चारा नाही, सावलीला झाड नाही. वेढा घालणाऱ्या छावणीची उपासमार व्हावी, उन्हाने ती करपून जावी, अशी ती योजना. मॅलेसन हा इंग्रज इतिहासकार हे नोंदवतो आणि लगेच पुढे सांगतो, की ग्वाल्हेरच्या शिंद्यांमुळे आणि टेहरीच्या, म्हणजे ओरछा संस्थानाच्या, राजामुळे त्या छावणीला गवत, भाजीपाला आणि जळाऊ लाकूड यांचा तुटवडा कधी पडला नाही. तोफा आणि शिड्यांच्या त्या धुमश्चक्रीत जळाऊ लाकडाला आवर्जून दिलेली ही जागा मला फार बोलकी वाटते. त्या दिवसांत परकोटाच्या आत वरसईचे विष्णुभट गोडसे अडकलेले होते, ज्यांचा 'माझा प्रवास' पुढे १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. आणि १ एप्रिलला बेतवेच्या लढाईतून मागे हटताना राणीच्या मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या लोकांनी रानालाच आग लावली. चैत्रातले ते वाळलेले रान असे पेटले, की पाठलाग करणाऱ्या स्वारांना ज्वाळांतून घोडे घालावे लागले. बुंदेलखंडाचे लाकूड किती कोरडे, किती ज्वलनोत्सुक असते, याची याहून ठळक साक्ष कुठली?

मराठी फौजांना हा हिशेब पाठ होता. छावणीतून गवत-लाकूड आणायला जी माणसे निघत त्यांना कही म्हणत, आणि कही रोखली गेली की लाखाचा तळही चार दिवसांत व्याकूळ होई. पानिपतावर १७६१ च्या सुरुवातीला तेच घडले. रात्रीच्या अंधारात कहीला गेलेली निःशस्त्र माणसे अफगाण स्वारांनी कापून काढली. इतिहास तलवारींची आणि भाल्यांची नावे सांगतो, पण त्या कहीतल्या माणसांच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्या, आणि सैन्याची भाकरी त्या कुऱ्हाडींवर भाजली जात होती. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी अशी स्थिरावली की तिचेच शहर झाले, आणि त्याला आजही लष्कर म्हणतात. एवढ्या मोठ्या छावणीत रोज संध्याकाळी किती चुली पेटत असतील आणि त्यांच्यासाठी लाकूड फुटल्याचे आवाज किती दिशांनी येत असतील, याची कल्पना आपण करावी.

आता कुऱ्हाड हातात घेऊ. सवयीने आपली नजर धारेवर जाते, अंगठा तिची तीक्ष्णता चाचपू पाहतो. पण लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीचे मर्म धारेच्या मागे दडलेले असते. ती उजेडात आडवी धरून वरून पाहिली, की पाते धारेपासून माथ्याकडे जाताना कसे रुंदावत जाते ते दिसते. झाड तोडायच्या कुऱ्हाडीत हा चढ हळुवार असतो; पाते बरेच अंतर सडपातळ राहते, कारण तिला उभ्या तंतूंना आडवे छेदत खोल शिरायचे असते, एकदा वरून आणि एकदा खालून तिरपे घाव घालत ढलप्या उडवायच्या असतात. फोडायच्या कुऱ्हाडीत मात्र धारेला लागूनच अंग भरू लागते, दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि माथ्यापाशी पोचेपर्यंत ते पाते एखाद्या मल्लाच्या मानेसारखे भरदार होते. दुकानात या दोन कुऱ्हाडी शेजारी टांगलेल्या असल्या तर नवखा माणूस सडपातळ, लखलखत्या पात्याला भुलतो. ते पाते ओंडक्यात सुरेख शिरते, आणि शिरते तिथेच रुतून बसते. मग ओंडक्यासह कुऱ्हाड उचलून आपटणे, दांडा हलवून ती सोडवणे, यातच संध्याकाळ सरते. फुगीर पाते तेवढे खोल शिरत नाही. शिरू शकत नाही, हाच त्याचा गुण. पहिल्या बोटभर खोलीत धार आपले काम संपवते आणि बाजूला होते, पुढचे सारे त्या फुगवट्याने करायचे असते. तो दोन्ही अंगांना रेटतो, आणि लाकूड उकलू लागते.

याच क्षणी थोडे थांबून पाहावे असे काहीतरी घडते. भेग पात्याच्या पुढे धावते. पाते वरच्या बोटभर भागातच असते आणि खाली, जिथे लोखंडाचा स्पर्शही झालेला नाही, तिथले लाकूड दुभंगत जाते. जिथे आघात नाही तिथे फळ दिसावे, असा हा प्रकार कितीही वेळा पाहिला तरी त्यातले नवल ओसरत नाही. झाड जन्मभर पाणी मुळापासून पानापर्यंत चढवत असते. त्यासाठी त्याने सूक्ष्म नळ्यांसारखे उभे तंतू रचलेले असतात आणि लिग्निनने ते एकमेकांना चिकटवलेले असतात. या तंतूंना आडवे तोडणे महाकठीण, पण एकाला दुसऱ्यापासून विलग करणे त्या मानाने कितीतरी सोपे. शिवाय गाभ्यापासून सालीकडे किरणांसारख्या रेषा गेलेल्या असतात आणि ओंडका वाळू लागला की पहिल्या भेगा बहुधा याच रेषांवर उमटतात. म्हणून जाणता माणूस घाव घालण्याआधी ओंडक्याच्या तोंडाकडे निरखून पाहतो. भेगा कुठे आहेत, गाभा मधोमध आहे की एका अंगाला सरकला आहे, सालीखाली गाठीचा उंचवटा कुठे आहे, हे वाचून मगच तो पाते कुठे पडावे ते ठरवतो. लाकूड जिथे उघडायला आधीच राजी असते, तिथेच त्याला विनवायचे. मोठा बुंधा असेल तर मध्यावर आघात न करता कडेपासून एकेक पाकळी सुटी करत आत जायचे. गाठ असेल तर ती वाटेतून वगळायची. चांगले हत्यार आपल्याला हे वाचन शिकवते, कारण ते चुकीच्या जागी पडले तर दांड्यातून मनगटापर्यंत लगेच झिणझिणीत उत्तर येते.

पण लाकूड लाकडात फरक असतो, आणि हत्यार निवडण्याचा प्रश्न इथे खरा रंगतो. दतिया, ओरछा, शिवपुरी या पट्ट्यातल्या खडकाळ माळावर करधई उभी असते, धावड्याची सख्खी बहीण म्हणावी अशी; लाकूड घट्ट, जड, निखारा दीर्घकाळ धरणारे. सोबतीला खैर, तेंदू, महुआ, आणि वसंतात सारे रान पेटल्यासारखे करणारा पळस, ज्याचे फूल जितके दीप्तिमान तितके लाकूड चुलीत मिणमिणते. गावांच्या कडेला, ओढ्याकाठी, रेल्वेमार्गालगत विलायती बाभळीची काटेरी झुडुपे माजलेली दिसतात, आणि गरिबाच्या चुलीचा मोठा भार आज तीच वाहते. आपल्या सह्याद्रीत ऐन, किंजळ, जांभूळ. देशावर बाभूळ, हिवर, बोर. यांतले बहुतेक लाकूड कठीण, पुष्कळदा पीळ घेतलेले, गाठाळ. स्वीडन-फिनलंडकडून आलेल्या देखण्या फोड-कुऱ्हाडी आता आपल्याकडेही मिळतात आणि त्यांची कारागिरी खरोखर डोळ्यांत भरण्यासारखी आहे. पण त्या जन्मल्या त्या स्प्रूस, पाइन, बर्च यांच्या सरळ, मऊ, थंडीत गोठून अधिकच ठिसूळ झालेल्या ओंडक्यांसाठी. तिथे तीन किलोचा घणासारखा माथा एका घावात दोन शकले करतो. तोच माथा आपल्या पिळदार बाभळीवर आदळतो तेव्हा लाकूड दबते, तंतू विस्कटतात, आणि ओंडका जसाच्या तसा उभा राहतो. प्रत्येक हत्याराच्या अंगात त्याच्या जन्मभूमीचे रान मुरलेले असते. आपल्या लोहाराच्या कुऱ्हाडीचे पाते त्यांच्यापेक्षा किंचित सडपातळ आणि झाड तोडायच्या कुऱ्हाडीपेक्षा किंचित फुगीर असते. ती दोन्ही कामांत मध्यम वाटते, आणि या रानात तेच तिचे शहाणपण आहे.

वजनाचा मोहही इथेच आवरावा लागतो. जड तेवढे प्रभावी, असे मनाला वाटते. पण आघाताची ऊर्जा वजन दुप्पट केल्याने दुप्पट होते, तर वेग दुप्पट केल्याने चौपट. दीड किलोचा माथा जो मनुष्य सहज, वर्तुळाकार, शेवटच्या क्षणी वेग वाढवत आणू शकतो, त्याला तीन किलोचा माथा केवळ वर उचलून खाली सोडावा लागतो. आणि मुक्कामाला ते वजन खांद्यावर आपल्यालाच वाहायचे असते. अगदी हलकी, अर्ध्या-पाऊण किलोची हातकुऱ्हाड मात्र उलट टोकाला जाते. मनगटाएवढ्या लाकडापर्यंत ती गोड वागते, पुढे तिच्यात दम उरत नाही, आणि दांडा आखूड असल्याने चुकलेला घाव जमिनीऐवजी स्वतःच्या गुडघ्याकडे वळतो. म्हणून ती वापरायची तर गुडघे टेकून, ठोकळ्यावर, हेच बरे.

दांड्याकडे आपण फार कमी पाहतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीने त्याच्या माथी कायमचा द्रोह मारला आहे, आणि मला हा त्याच्यावर झालेला अन्याय वाटतो. लोखंड खाणीतून येते, भट्टीतून जाते, दुरून प्रवास करते. दांडा मात्र त्याच रानातला असतो, त्याच पावसावर वाढलेला, आणि कुऱ्हाडीला त्या मातीची ओळख तोच करून देतो. महाराष्ट्रात धावड्याचा दांडा नावाजलेला आहे, धामणीचाही. धावडा कठीण असून चिवट. धामण लवचीक, आघात गिळून टाकणारी. जाणकार दांडा निवडताना त्याचे टोक पाहतो : वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या असाव्यात, आडव्या असल्या तर दांडा एके दिवशी त्याच रेषेवर चिरकणार. मग तो डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकतो, तंतू कुठे बाजूला निसटून तर गेले नाहीत ना, हे पाहतो. हाताशी येणारा भाग किंचित चपटा, अंडाकृती असावा, म्हणजे अंधारातही पाते कोणत्या दिशेला आहे ते तळव्याला कळते. अळशीचे तेल चोळून चोळून त्याला जो मंद, मधासारखा रंग येतो, तो रंगरोगणाच्या चकाकीत नाही. आणि रोगण लावलेला दांडा घामट हातात निसटतो तेही आहेच.

दांडा ज्या भोकात बसतो तो तुंबा. इथे एक लहानसा चमत्कार लपलेला आहे आणि तो सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. दांडा खालून तुंब्यात घालतात, वर आलेल्या त्याच्या टोकाला उभी चीर पाडतात आणि त्या चिरेत लाकडाची किंवा लोखंडाची पातळ पाचर ठोकतात. दांड्याचे टोक फाकते, तुंब्याच्या भिंतींना घट्ट भिडते, आणि माथा जखडला जातो. म्हणजे लाकूड फाकवून दुभंगवणारे हे हत्यार स्वतः लाकूड फाकवूनच एकसंध राहिलेले असते! ज्या तत्त्वाने ती फोडते त्याच तत्त्वाने ती जोडलेली आहे. काही ठिकाणी कुदळीसारखा दांडा वरून ओवतात, वरचे टोक जाडसर ठेवतात, म्हणजे प्रत्येक घावागणिक माथा आपोआप अधिक घट्ट बसतो, आणि प्रवासात दांडा काढून माथा वेगळा बांधता येतो. मुक्कामाच्या दृष्टीने ही दुसरी रीत मला अधिक आवडते. दांडा मोडला तर दुसरा रानातल्या वाळक्या काठीतून तासून तिथल्या तिथे बसवता येतो.

मोठी पाचर हे तर स्वतंत्र हत्यारच. कुऱ्हाडीने हार मानली, गाठाळ बुंध्यात पाते अडकून पडले, की तिच्या शेजारी भेगेत लोखंडी पाचर ठेवून घणाने ठोकायची. धीराने, एकेक ठोका. झाशीच्या आसपास तर पाचरेचे राज्य लाकडापुरते थांबत नाही. किल्ला ज्या बंगरा टेकडीवर उभा आहे ती आणि भोवतीच्या उघड्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, आणि हा दगडही पाथरवट पाचरेनेच फोडत आले आहेत. एका ओळीत भोके पाडायची, प्रत्येकात पाचर बसवायची, आणि ओळीने, एकीवर एक, नंतर दुसरीवर एक, असे समतोल ठोके घालत जायचे. ठोक्यांचा नाद चढत जातो, मग एकाएकी तो खाली उतरतो, बोदा होतो, आणि कारागीर हातोडी ठेवतो. दगड आतून उकललेला असतो. लाकूड फोडतानाही कान असेच जागे ठेवावेत. सुक्या ओंडक्याचा आवाज टणत्कारासारखा उठतो, ओल्याचा दबका येतो. भेग पडू लागली की नादात एक करकर मिसळते आणि पुढचा घाव हलका घालायचा की भरदार, हे तीच सांगते.

कोयत्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोकणातला माणूस रानात निघाला की कमरेला आकडी आणि आकडीत कोयता, हे त्याचे अर्धे अंगच. बाकदार पात्याचे ते टोक फांदी जवळ ओढते, पोट ती छाटते, आणि अंगठ्याएवढी काटकी उभी चिरायची तर त्याच पात्यावर लाकडी दांडक्याने ठोकले की झाले. चूल पेटवायला मुळात लागते ते हेच बारीक लाकूड. सह्याद्रीत श्रावणाच्या झडीत मुक्काम पडला, साल भिजलेली, बाहेरचे लाकूड ओले चिंब, अशा वेळी मोळीतल्या एखाद्या जाड, वाळक्या लाकडाला उभे चिरले की आत गाभा कोरडा सापडतो. त्याचे पेन्सिलीएवढे तुकडे, त्यांच्या कडांवर चाकूने उठवलेल्या कुरळ्या सालपटी, आणि मग पहिली ज्योत. गोल लाकूड आगीला पाठ दाखवते; फोडलेले लाकूड कडा पुढे करते, आणि आग कडेलाच धरते. म्हणून लाकूड फोडणे हे नुसते आकार लहान करणे नव्हे. सालीने कोंडलेला ओलावा त्यामुळे बाहेर पडतो आणि आगीला आत शिरायला वाट मिळते. घाटावरच्या आणि कोकणातल्या घरांत वैशाखात सरपणाची बेगमी करताना फोडूनच लाकूड रचतात ते याचसाठी. जाड सुऱ्याने लाकूड चिरण्याची पद्धत हल्ली तरुण मंडळींत लोकप्रिय आहे; ती अडीअडचणीला ठीक, पण सुऱ्यावर प्रेम असेल तर त्याला कांदा चिरू द्यावा. करवतीची गोष्ट निराळी : ओंडक्याचे हातभर लांबीचे तुकडे करायला घडीची करवत कुऱ्हाडीपेक्षा कमी श्रमात, कमी लाकूड वाया घालवून काम करते. आडवे करवतीने, उभे कुऱ्हाडीने, ही जोडी फार सुखाची.

आणि आता त्या हातांकडे वळू, जे हे पाते घडवतात. महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची पाले दिसतात. उत्तरेत त्यांचेच भाऊबंद शोभावेत असे गाडिया लोहार, ज्यांना बुंदेलखंडात लोहपीटा म्हणतात, बैलगाडीवर संसार घेऊन गावोगावच्या वेशीबाहेर उतरतात. १५६८ मध्ये चितोड पडले तेव्हा छताखाली न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली अशी त्यांची परंपरा सांगते, आणि १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात परत नेले. शपथ सुटली तरी पुष्कळांची पाले सुटली नाहीत. मुक्कामाचे हत्यार ज्यांनी घडवायचे, त्यांचा सारा जन्मच मुक्कामावर गेलेला आहे. जमिनीतली लहानशी भट्टी, भाता, ऐरण, आणि घण पेलणारी घरातली स्त्री : पुरुष सांडशीत तापले लोखंड धरून लहान हातोडीने जागा दाखवतो, आणि ती नेमका त्या जागेवर घण आणते. कित्येकदा ते लोखंड म्हणजे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा असतो, उत्तम पोलाद. शेकडो कोस माल वाहून थकलेला तो पाटा इथे नवा जन्म घेतो.

पाणी देण्याचा क्षण तर पाहत राहावा असा. लाल झालेले पाते धारेपुरते पाण्यात बुडवतात, बाहेर काढून चटकन घासून पांढरे करतात, आणि मागच्या अंगातली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू देतात. चकचकीत पोलादावर रंग चालून येतात : आधी गव्हाळ, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. कुऱ्हाडीला हवा तो रंग धारेशी आला की पुन्हा पाण्यात, आणि तिथे ते थांबते. गव्हाळ असतानाच थांबवले तर धार कठीण पण ठिसूळ, गाठीवर तिचा तुकडा उडेल. निळ्याच्या पुढे जाऊ दिले तर मऊ, पहिल्याच ओंडक्यावर वळेल. मोजमापाचे कोणतेही यंत्र नसलेल्या त्या कारागिराला हा मधला क्षण डोळ्यांनी पकडता येतो. धार कठीण, पण माथा मुद्दाम मऊच ठेवलेला असतो. म्हणून एका कुऱ्हाडीच्या माथ्यावर दुसरीने ठोकू नये, तिला घण समजू नये. वर्षभराने धार बोथट झाली की तिला पुन्हा त्याच भट्टीवर नेऊन शेवटून आणायची, म्हणजे तापवून, ठोकून, धारेला नव्याने बाहेर काढायची. अशी शेवटत शेवटत एक कुऱ्हाड बापाकडून लेकाकडे जाते. पाते थोडे आखूड होत जाते, दांडे दोन-तीन बदलतात, आणि फुगवटा तेवढा तसाच राहतो.

तेव्हा निवडीचा निकाल मी असा देईन. माणसे दोन-चार, मुक्काम एक-दोन रात्रींचा, चूल तीन दगडांची, असे असेल तर दीड किलोच्या आतबाहेरची, फुगीर पात्याची कुऱ्हाड, हातभर किंवा थोडा अधिक लांब दांडा, जोडीला घडीची करवत आणि एक लोखंडी पाचर. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात जाणार असाल तर कुऱ्हाड घरी ठेवा आणि कोयता घ्या. जनावर घरात बांधावे तसा पात्यावर चामड्याचा किंवा जाड कापडाचा पट्टा बांधून ठेवा. अभयारण्यात आणि किल्ल्यांवर लाकूड उचलू नका, आग लावू नका. खालच्या गावातून सुके सरपण विकत घ्या, त्या घराला दोन पैसे मिळतील. जिवंत झाडावर ही कुऱ्हाड उचलायची नाही, ती पडलेल्या, वाळलेल्या लाकडासाठीच आहे. आणि ती दुकानातून उचलून आणू नका. रस्त्याच्या कडेला जिथे भाता फुंकलेला ऐकू येईल तिथे थांबा, समोर बसून घडवून घ्या, पाणी देताना रंग चढताना पाहा, आणि किंमत सांगतील तेवढी द्या. घासाघीस करू नका.